देवमाशाला घाट चढावा लागत नाही

मालवणला स्कूबा, म्हणजे पाठीला हवा बांधून पाण्याखाली उतरणं, शिकायला चाललोय म्हटल्यावर बेळगावच्या शहापुरातल्या आत्यानं किती पैसे लागतात ते विचारलं नाही. तिनं विचारलं, "व्हय रे, आणि खाली त्यो देवमासा आडवा आला म्हणजे?"

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मोठ्या ऐटीत तीच गंमत सांगितली, तर मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "पण सर, खरंच आला तर?" मी विज्ञान शिकवतो, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. पोहणं गावाकडच्या विहिरीत शिकलेलो. राकसकोप धरणापेक्षा मोठं पाणी कधी मनावर घेतलं नव्हतं. मग वाचत गेलो, पाण्यात उतरवणाऱ्यांना विचारत गेलो. त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर आता लिहून काढतोय.

आपल्या किनाऱ्याला देवमासे आहेत का, इथपासून सुरुवात करावी लागेल. आहेत. ब्राइड्स व्हेल कोकणच्या समुद्रात असतो, कधीमधी निळा देवमासाही येतो. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू रुतलं होतं, त्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. त्याला ओढून पुन्हा समुद्रात नेलं, पण ते वाचलं नाही. पाण्यात तरंगणाऱ्या त्या धुडाला स्वतःचं वजन कधी जाणवतच नाही. वाळूवर आलं की त्याच वजनाखाली ते चेंगरतं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला तो हंपबॅक. बुडी मारताना पाठीचं कुबड काढतो म्हणून ते नाव. जगभरचे हंपबॅक वर्षातून एकदा मोठी वारी करतात: उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचं आणि विणीसाठी हजारो किलोमीटर पोहून उबदार समुद्रात यायचं. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र ही वारी करत नाहीत. बाराही महिने इथंच. जनुकांवरून पाहिलं तर इतर हंपबॅकांपासून ते सुमारे ७०,००० वर्षं वेगळे पडलेत. ओमानच्या बाजूला केलेल्या मोजणीत त्यांची संख्या शंभराच्या आत भरली.

ते इथंच का राहिले, याचं कारण आपण दर जूनमध्ये छत्रीखालून बघत असतो. आंबोलीला आणि कणकुंबीला धबाधबा पाऊस ओतणारा नैर्ऋत्येचा वारा तिकडं ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत समुद्राचं वरचं पाणी बाजूला सारतो. त्या जागी खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं. शेणखत घातलेल्या वाफ्यासारखं. त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं, प्लवकावर तारलीसारख्या माशांचे थवे पोसतात आणि त्या थव्यांवर देवमासा. ताट घरातच वाढलेलं असल्यावर अंटार्क्टिकाला कशाला जायचं? कॅम्पातल्या फिश मार्केटात तारलीची टोपली दिसली की मला हल्ली हे आठवतं.

२०१७ च्या शेवटी ओमानजवळ एका हंपबॅक मादीला उपग्रहाशी जोडलेला टॅग लावला होता. तिचं नाव लुबान, म्हणजे आपण धुपाटण्यात टाकतो तो लोबान. ती सबंध अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा परतली. म्हणजे ती आपल्या बाजूच्या पाण्यातून जात असताना आपण इथं ऊस-बटाट्याच्या गप्पा मारत असणार.

तरीही तुम्ही तारकर्लीला किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला उतरलात तर ती भेटण्याची शक्यता नाहीच्या जमा. आणि भेटली तरी दिसेल का? आपल्याकडच्या पाण्यात बऱ्याच दिवशी पाच-सात मीटरपलीकडं धूसर होतं. हंपबॅक १३-१४ मीटरचा, म्हणजे निपाणीच्या लाल बसपेक्षा लांब. धुक्यात आंबोलीच्या वळणावर बस समोर आली की तिचा दिवा दिसतो, मग कडेची पट्टी, मग काहीच नाही; तसा तो दिसणार. गंमत अशी की पाणी गढूळ असतं ते बऱ्याचदा त्याच प्लवकामुळं. ज्या पाण्यानं देवमाशाला इथं धरून ठेवलंय, तेच त्याला लपवतं.

(कुणी "आम्ही खाली व्हेल पाहिला" म्हटलं तर शेपूट कशी हलत होती ते विचारा. डावी-उजवीकडं हलत असेल तर तो व्हेल शार्क, म्हणजे मासा, मुशीच्या घरातला. देवमाशाची शेपूट आडवी असते आणि वर-खाली हलते.)

गिळण्याची भीती एका परिच्छेदात संपवतो. निळा देवमासा, हंपबॅक, ब्राइड्स यांच्या तोंडात दात नसतात, कंगव्यासारख्या पट्ट्या असतात. तोंड खोलीएवढं, पण नरडं इतकं अरुंद की माणूस उतरूच शकत नाही. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेत केप कॉडजवळ लॉब्स्टर पकडणारा एक पाणबुड्या हंपबॅकच्या तोंडात सापडला होता. देवमासा माशांच्या थव्यावर जबडा पसरून आला होता, मध्ये हा. जेमतेम अर्ध्या मिनिटात त्यानं याला वर येऊन थुंकून टाकलं. भाकरीत खडा लागल्यावर आपण तरी दुसरं काय करतो?

आता मुद्द्याची गोष्ट: श्वास.

देवमासा आणि स्कूबावाला दोघेही फुप्फुसाचे. दोघांनाही पाण्यातून प्राणवायू घेता येत नाही. फरक एवढाच की देवमासा वरच एकदा श्वास घेतो आणि तो पुरवून खातो. आपण मात्र हवेचा सिलिंडर पाठीला बांधून खाली घुटक्या-घुटक्यानं घेत राहतो. या एका फरकातून दोघांचे सगळे नियम उलटे होतात.

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. वर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. सिलिंडरची हवा तोंडात सोडणारा रेग्युलेटर तुम्हाला त्या-त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, नाहीतर छाती फुगवताच आली नसती. म्हणून २० मीटरवरच्या प्रत्येक श्वासात वरच्यापेक्षा तिप्पट हवा जाते आणि सिलिंडर तितक्याच वेगानं उतरतो. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारला (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाचा दाब) भरला की २,४०० लिटर हवा झाली. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. २० मीटरवर ६० झाले. भागाकार तुम्हीच करा, आणि त्यातून परतीचा साठा वजा करा. देवमासा दिसल्यावर छाती धडधडायला लागली तर हिशेब अर्ध्यावर येतो.

यापेक्षा वाईट दुसरी गोष्ट आहे. आश्चर्य वाटलं की माणूस काय करतो? श्वास रोखतो. स्कूबातला पहिला नियम म्हणजे श्वास कधीच रोखायचा नाही. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा तशीच अडवून वर आलात तर पृष्ठभागावर ती दुप्पट जागा मागते. फुप्फुस काही बाजारची पिशवी नव्हे, ताणून ताणून किती ताणणार? छाती पूर्ण भरलेली असेल तर दीड मीटरचा चढही ते फाडायला पुरतो. म्हणजे खरा धोका देवमाशाचा नाही. तो वर निघाला म्हणून भारावून, श्वास अडवून त्याच्यामागं वर जाणाऱ्याला स्वतःचाच धोका असतो.

मग देवमाशाचं फुप्फुस का फाटत नाही? स्पर्म व्हेलसारखा दातवाला देवमासा तर तासभर श्वास रोखून हजार मीटरवरून वर येतो. मीही इथं अडलो होतो. त्यानं हवा वरच्या दाबाला भरून घेतलेली असते. खाली जाताना ती आवळत जाते, वर येताना पुन्हा मूळ मापाची होते. त्यापेक्षा जास्त होणार कशी? वाटेत त्यानं भर घातलेलीच नाही. आपण खाली, दाबाखालची हवा आत घेतो, म्हणून आपल्याकडं वर येताना ती उतू जाते. विहिरीत श्वास धरून तळाची माती काढून आणायचो तेव्हा आपणही देवमाशाच्याच नियमानं चालत होतो. पाठीवर सिलिंडर चढला की जात बदलते.

एवढ्याशा हवेवर तो तासभर कसा काढतो? फुप्फुसावर त्याची भिस्त नसतेच. साठा रक्तात आणि स्नायूंत असतो. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन प्राणवायू धरून ठेवतं, आणि देवमाशाच्या मांसात ते इतकं ठासून भरलेलं असतं की मांस काळपट दिसतं. १९५८ साली जॉन केंड्रू यांनी एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना पहिल्यांदा उलगडली, ती स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची. त्या कामासाठी त्यांना १९६२ चं नोबेल विभागून मिळालं. शिवाय खाली गेल्यावर तो कारभार काटकसरीनं चालवतो. २०१९ मध्ये एका निळ्या देवमाशाचे ठोके त्याच्या अंगावर यंत्र चिकटवून मोजले, तर बुडीत असताना ते मिनिटाला दोनपर्यंत उतरत होते. आणि आपण एका श्वासात फुप्फुसातली दहा-पंधरा टक्केच हवा बदलतो, तो ऐंशी-नव्वद टक्के. त्याचा तो पांढरा फवारा म्हणजे पाण्याचं कारंजं नाही. बरीचशी ती श्वासाची वाफच असते, डिसेंबरात पहाटे टिळकवाडीत दूध आणायला गेल्यावर तोंडातून निघते तशी.

बुडीचा विक्रम मात्र या मोठ्या नावांकडं नाही. क्युव्हियर नावाचा एक चोचवाला देवमासा आहे. त्याची नोंदलेली खोली २,९९२ मीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. अशी चार बेळगावं एकावर एक रचा. त्याचीच एक बुडी ३ तास ४२ मिनिटांची नोंदली गेली. इथून निघून घाट उतरून, वाटेत चहा पिऊन मालवणला पोचायला तेवढाच वेळ लागतो. त्यानं तो एका श्वासात काढला.

आता नायट्रोजन. हवेत पाचातले चार भाग तोच. शरीर तो वापरत नाही, पण दाबाखाली तो रक्तात आणि मांसात विरघळत जातो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी जाग्यावर असेपर्यंत आत काही दिसत नाही. अंगठ्यानं दाबली की फस्सकन बुडबुडे. खोलीवरून भरभर वर येणं म्हणजे गोटी दाबणं. बुडबुडे सांध्यांत, मणक्यात, मेंदूत कुठंही अडकू शकतात. म्हणून वर यायचं ते मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून. गोटी हलकेच सैल करायची.

देवमासा इथंही सुटतो. एक तर त्यानं नायट्रोजन नेलाय तोच एका श्वासापुरता. दुसरं, दाब वाढला की त्याच्या बरगड्या आत दुमडतात, फुप्फुसाच्या पिशव्या मिटतात आणि उरलेली हवा श्वासनळीत जाऊन बसते. तिथून ती रक्तात जात नाही. पण हे कवच अभेद्य नाही. २००२ च्या सप्टेंबरात कॅनरी बेटांजवळ नौदलाचा सराव चालू असताना चोचवाले देवमासे किनाऱ्यावर येऊन पडले आणि मेलेल्यांच्या शरीरात बुडबुड्यांच्या खुणा सापडल्या. सोनारच्या, म्हणजे आवाज सोडून पाण्यात शोध घेणाऱ्या यंत्राच्या, आवाजानं बिथरून त्यांची बुडी-चढण्याची घडी मोडली असावी, असं मानलं जातं. भ्याला की देवमासाही आपल्यासारखाच चुकतो.

आवाजाबद्दल बोलायलाच हवं, कारण देवमासा दिसण्याआधी ऐकू येण्याची शक्यता जास्त. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेच्या साडेचार पट. आपले कान आवाजाची दिशा ओळखतात ती दोन कानांपर्यंत पोचण्यातल्या किंचित फरकावरून. पाण्यात तो फरक इतका आक्रसतो की आवाज सगळीकडून, जणू डोक्यातूनच आल्यासारखा वाटतो. हंपबॅकचे नर गातात, आणि त्या आवाजांत ठरावीक चालीची पुनरावृत्ती असते हे १९७१ साली रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी दाखवून दिलं. जवळून ऐकणारे सांगतात की ते गाणं कानाआधी छातीत वाजतं. निळ्या देवमाशाची बरीचशी हाक तर माणसाच्या ऐकण्याच्या खालची. मला काय ऐकू आलं म्हणाल, तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. ती कोळंबीची एक जात, नांगी आपटणारी. आणि वर बोटीचं इंजिन.

देवमाशाला आपण मात्र खूप आधी ऐकू येतो. स्कूबाचा प्रत्येक उच्छ्वास म्हणजे बुडबुड्यांचा खडखडाट. हंपबॅकांमध्ये नर एकमेकांवर गुरकावताना बुडबुड्यांची माळ सोडतात, थवे कोंडायलाही बुडबुड्यांचं जाळं विणतात. तेव्हा आपल्या बुडबुड्यांचा अर्थ तो काय लावेल हे त्याच्यावर. देवमाशांसोबत पोहायला प्रसिद्ध असलेल्या टोंगा बेटांवर म्हणूनच सिलिंडर चालत नाही. फक्त मास्क, नळी आणि पायातले फिन्स. एका वेळी चार पोहणारे आणि एक वाटाड्या.

तर, मागच्या बाकावरच्या बाबा, खरंच आला तर असं: आहेस तिथं थांब. श्वास चालू ठेव, लांब सोड. त्याच्यामागं जाऊ नकोस, तसंही फिन्स मारून तू ताशी दोन-तीन किलोमीटर जाशील आणि तो सहज पंधरा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, नाकासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून त्या दोन्ही जागा टाळ. शेपूट चार-साडेचार मीटर रुंद असते. ती रागानं मारावी लागत नाही, सहज लागली तरी पुरे. सोबत पिल्लू असेल तर आई आणि पिल्लू यांच्यामध्ये चुकूनही सापडायचं नाही. गोठ्यात नुकत्याच व्यालेल्या म्हशीजवळ आपण कसे वागतो? तेच. हात लावायचा नाही हे वेगळं सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासे पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीला. पेपरात "व्हेलच्या उलटीची तस्करी" वाचतो ना आपण, तो गुन्हा त्याच कायद्यातला. ती उलटीसुद्धा नसते खरं तर. स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती साचलेला तो गोळा असतो.

आणि खोली व हवा सारखी बघत राहा. बाकी सगळं तो ठरवतो. थांबला तर थांबला, गेला तर गेला.

माझ्या वाट्याला देवमासा आला नाही. शनिवारी दोन आणि रविवारी सकाळी एक, अशा तीन डायव्ह झाल्या. रविवारी अकराला वर आलो. सोबतच्या मित्राची सोमवारी सकाळची ड्युटी, त्याला जेवून लगेच निघायचं होतं. शिकवणाऱ्या पोरानं सिलिंडर उतरवता उतरवता विचारलं, "तुम्ही कुठले?"

"बेळगाव."

"मग आज मुक्काम."

डायव्हनंतर विमानात बसायचं नाही हे आम्हाला माहीत होतं. एकच साधी डायव्ह असेल तर किमान १२ तास, लागोपाठ काही दिवस केल्या असतील तर १८. पण आमच्याकडं कुठं विमान? त्यानं समजावलं की विमान हा नुसता बहाणा, प्रश्न उंचीचा. वर गेलं की हवेचा दाब उतरतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनची गोटी आणखी सैल होते. हे नियम सुमारे ६०० मीटरच्या उंचीपासून लागू धरतात. आंबोली त्याच्या वर, चोर्ला त्याच्या वर, बेळगाव तर वरच. गोव्याकडून या, कारवारकडून या, समुद्रावरून बेळगावला घाट न चढता येणारी वाटच नाही. आमच्या गावातल्या माणसानं डायव्ह करून संध्याकाळी घरी जेवायला येणं म्हणजे तिथून विमानात बसण्याचाच धाकटा प्रकार.

अकरात अठरा मिळवले. सोमवारी पहाटे पाच. मित्रानं साहेबाला फोन लावून घाट, नायट्रोजन, गोटी सोडा हे सगळं सांगायचा प्रयत्न केला आणि शेवटी पोट बिघडलंय म्हणाला.

मी आत्याला फोन केला. म्हटलं, आज येत नाही, देवमासा नाही पण घाट आडवा आला. तिला सगळं समजावलं, दाब, बुडबुडे, अठरा तास. ती बराच वेळ ऐकत होती.

"म्हणजे मला चोर्ल्यात गाडी लागतीय तसंच की."

अगदी तसं नाही म्हटलं, पण चढताना त्रास व्हायचा एवढं खरं.

"बरं, राहतोयस तर सोलं घेऊन ये. गेल्या खेपेसारखी ओली आणू नकोस."